फेकायला शिकलेला क्वार्टरबॅक आणि त्याला मिळालेली वर्षं



आजची गोष्ट एका रविवारपासून सुरू करूया. तारीख ६ जानेवारी २०१९. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं बाल्टिमोर शहर. अमेरिकन फुटबॉलचा बाद फेरीचा सामना, बाल्टिमोर रेव्हन्सचं घरचं मैदान, आणि समोर लॉस एंजेलिस चार्जर्स. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक होता लामार जॅक्सन. दुसऱ्या दिवशी त्याला बावीस वर्षं पूर्ण होणार होती. बाद फेरीचा सामना सुरुवातीपासून खेळणारा तोपर्यंतचा सगळ्यात तरुण क्वार्टरबॅक तोच.

सामन्याचे चारपैकी तीन भाग संपले तेव्हा जॅक्सनच्या दहा पासपैकी फक्त तीन पोचले होते. त्यातून मिळाले २५ यार्ड. आणि मग घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवायला सुरुवात केली. दुखापतीतून बरा होऊन बाकावर बसलेल्या जो फ्लॅकोला आणा, असा गलका सुरू झाला. फ्लॅकोनं सहा वर्षांपूर्वी याच संघाला सुपर बोल जिंकून दिला होता, म्हणजे लोकांची मागणी अगदीच हवेतली नव्हती. शेवटच्या भागात जॅक्सननं दोन टचडाउन पास फेकले, पण सामना २३–१७ असा हातचा गेला. घरी जाताना लोकांचं मत ठरलेलं होतं: पोरगा पळतो छान, फेकणं काही त्याला जमत नाही.

आता आठ महिने पुढे जाऊया. ८ सप्टेंबर २०१९, मायामी. नव्या मोसमाचा पहिला सामना. जॅक्सननं २० पास फेकले, १७ पोचले. ३२४ यार्ड, पाच टचडाउन. रेव्हन्स ५९–१० जिंकले. सामन्यानंतर तो पत्रकारांना हसत म्हणाला, रनिंग बॅकच्या मानानं वाईट नाही. रनिंग बॅक म्हणजे ज्याचं काम मुख्यतः चेंडू घेऊन पळायचं, तो खेळाडू. लोक आपल्याला काय म्हणतात ते त्यानं नीट ऐकून ठेवलं होतं.

मग प्रश्न असा, की आठ महिन्यांत हा माणूस फेकायला शिकला, की लोकांना त्याचं फेकणं दिसायला लागलं? चाहते गेली अनेक वर्षं यावर भांडतायत. मला वाटतं या भांडणाचं उत्तर एकट्या जॅक्सनमध्ये सापडत नाही. त्यासाठी थोडा जुना इतिहास बघावा लागतो.

आधी खेळ समजून घेऊ

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, की हैदराबादला, हा खेळ आपल्या गल्लीतला नाही. म्हणून दोन मिनिटं नियमांना देऊ. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकले तर पुन्हा चार. प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो चेंडू दुसऱ्याला देऊन पळवू शकतो, स्वतः पळू शकतो, किंवा पुढे फेकू शकतो.

फेकणं दिसायला सोपं, पण त्याला वेळ मिळतो जेमतेम दोन-तीन सेकंद. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला पाडायला धावत येतात. त्याचे सहकारी त्याच्याभोवती भिंत करतात. या भिंतीच्या आतल्या जागेला म्हणतात पॉकेट. तिथं उभं राहून कोणता साथीदार मोकळा होईल हे ओळखायचं, आणि तो तिथं पोचायच्या आधीच त्या जागेवर चेंडू सोडायचा. पास पोचला नाही तर एक प्रयत्न वाया. प्रतिस्पर्ध्यानं मधेच झेलला, म्हणजे इंटरसेप्शन झालं, तर चेंडूच गेला.

गंमत म्हणजे पुढे पास फेकणं हा प्रकार सुरुवातीला या खेळात नियमबाह्यच होता. खेळ नुसत्या धक्काबुक्कीचा झाला होता. मैदानावर कॉलेजची मुलं मरत होती. १९०५ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यानंतर ज्या सुधारणा झाल्या, त्यात १९०६ मध्ये पुढे पास फेकायला परवानगी मिळाली.

पण परवानगीही कशी, तर हात आखडता ठेवून. पास कोणाला न लागता जमिनीवर पडला की चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याला! ५ सप्टेंबर १९०६ ला सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सननं कायदेशीर पासचा पहिला प्रयत्न केला. तो खाली पडला आणि चेंडू गेला. त्याच सामन्यात नंतर त्याचा पास जॅक श्नायडरनं झेलला आणि टचडाउन झाला. म्हणजे पासच्या इतिहासात पहिली नोंद अपयशाची आहे. रॉबिन्सनला त्याच दिवशी दुसरा प्रयत्न करू दिला, म्हणून पुढची नोंद झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

दोन माणसं, दोन वर्षं

पुढच्या साठ वर्षांत पास हा खेळाचा कणा झाला आणि क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू समजला जाऊ लागला. इथंच एक वेगळी अडचण सुरू होते. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ पासून दारं पुन्हा उघडली, पण क्वार्टरबॅकच्या जागेचं दार सगळ्यात शेवटी. कृष्णवर्णीय मुलगा कॉलेजात क्वार्टरबॅक असला तरी व्यावसायिक संघ त्याला सांगायचे, तुझा वेग चांगला आहे, तू दुसऱ्या जागेवर खेळ. वेगाचं कौतुक करत करत त्याला मेंदूच्या जागेवरून हलवायचं, अशी ती पद्धत होती.

१९६८ साली डेन्व्हर ब्राँकोस या संघानं मार्लिन ब्रिस्को नावाच्या ओमाहाच्या मुलाला चौदाव्या फेरीत निवडलं, तेही बचावपटू म्हणून. डेन्व्हर तेव्हा एएफएल या प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळायचा. ब्रिस्कोनं अट घातली: मला क्वार्टरबॅक म्हणून तीन दिवस चाचणी द्या. चाचणी मिळाली. मोसमात इतर क्वार्टरबॅक जखमी झाले, अडचणीत आले, आणि ६ ऑक्टोबर १९६८ ला ब्रिस्को सुरुवातीपासून खेळला. आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमधला तो पहिला कृष्णवर्णीय सुरुवातीचा क्वार्टरबॅक. त्या मोसमात त्यानं १४ टचडाउन पास फेकले.

आता त्याची दुसरी बाजूही सांगतो. त्यानं २२४ पास फेकले आणि पोचले फक्त ९३, म्हणजे ४१.५ टक्के. १३ इंटरसेप्शन झाले. आकडा चांगला नाही. कोणी चाहता म्हणाला असता, पोराला अजून फेकायला शिकायचंय, तर ते खरंच होतं.

पण शिकायला पुढचं वर्ष मिळालंच नाही. १९६९ मध्ये डेन्व्हरनं त्याला क्वार्टरबॅकच्या स्पर्धेतच ठेवलं नाही. तो बफेलोला गेला आणि तिथं चेंडू झेलणारा, म्हणजे रिसिव्हर झाला. रिसिव्हर म्हणूनही तो उत्तम ठरला. १९७२ मध्ये एकही सामना न हरणाऱ्या मायामी डॉल्फिन्स संघात तो होता. पण फेकणारा म्हणून त्याची गोष्ट पहिल्याच वर्षी संपली.

आता दुसरा माणूस बघा. १९७० साली पिट्सबर्ग स्टीलर्सनी देशातला पहिला खेळाडू म्हणून टेरी ब्रॅडशॉला निवडलं. गोरा, उंच, दमदार हाताचा. पहिल्या वर्षी त्यानं २१८ पास फेकले, पोचले ८३. म्हणजे ३८.१ टक्के, ब्रिस्कोपेक्षाही कमी. टचडाउन सहा आणि इंटरसेप्शन २४! पिट्सबर्गच्या लोकांनी त्याची टिंगल केली, त्याच्या अकलेवर विनोद झाले. १९७४ मध्ये तर त्याला काही सामने बाकावरही बसवलं. पण त्याला कोणी रिसिव्हर केलं नाही. तो पुन्हा पुन्हा क्वार्टरबॅकच्या जागेवर परत आला. शेवटी त्यानं चार सुपर बोल जिंकले.

ब्रॅडशॉला मोठ्या संघाचं पाठबळ होतं, पहिल्या निवडीचं वजन होतं, हे सगळं मान्य. तरी हिशेब साधा आहे. एकाला एक मोसम मिळाला, दुसऱ्याला चौदा. मग आपण म्हणतो, ब्रॅडशॉ किती सुधारला! सुधारलाच. पण सुधारणा दिसायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं कोणीतरी द्यावी लागतात.

ज्यांनी ही अडचण पार केली त्यांचे मार्गही बघण्यासारखे आहेत. वॉरन मून १९७८ मध्ये रोझ बोल या मानाच्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी एनएफएलच्या निवडीत त्याचं नाव कोणी घेतलं नाही. तो कॅनडात गेला आणि एडमंटनच्या संघानं लागोपाठ पाच ग्रे कप जिंकले. मग १९८४ मध्ये ह्यूस्टननं त्याला बोलावलं. डग विल्यम्सनं ३१ जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये वॉशिंग्टनकडून एकाच भागात चार टचडाउन पास फेकले. संघ ०–१० असा मागे होता, तो ४२–१० जिंकला.

आकडा आला, वाद संपला नाही

१९७३ मध्ये एनएफएलनं पास फेकणाऱ्याचं मोजमाप करायला एक सूत्र स्वीकारलं. त्याला म्हणतात पासर रेटिंग. चार गोष्टींवरून तो आकडा निघतो: किती टक्के पास पोचले, दर प्रयत्नाला सरासरी किती यार्ड मिळाले, टचडाउनचं प्रमाण, आणि इंटरसेप्शनचं प्रमाण. प्रत्येक गोष्टीला वरची मर्यादा आहे, म्हणून सर्वोच्च आकडा निघतो तो चमत्कारिक, १५८.३. मायामीच्या त्या सामन्यात जॅक्सनचा आकडा नेमका तेवढाच होता.

या सूत्रात क्वार्टरबॅकच्या पळण्याला जागा नाही. झेलणाऱ्यानं हातातला चेंडू सोडला तर दोष फेकणाऱ्याच्या नावावर. संघाची भिंत कच्ची असली तरी आकडा त्याचाच घसरतो. तरीही आकडा हाती असला की चाहत्याला वाटतं, आता मी निष्पक्ष बोलतोय. पण कोणाचा कोणता आकडा कधी काढायचा, हे पुन्हा माणूसच ठरवतो.

२०१८ च्या निवडीचं उदाहरण घ्या. त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. सातव्या क्रमांकावर बफेलोनं जॉश ॲलनला घेतलं. कॉलेजच्या शेवटच्या मोसमात ॲलनचे ५६.३ टक्के पास पोचले होते. लामार जॅक्सनचे पोचले होते ५९.१ टक्के, आणि २०१६ ची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, त्याच्या घरात होती. तो निवडला गेला बत्तिसावा, पहिल्या फेरीत सगळ्यात शेवटी. ॲलनबद्दल चर्चा होती, हा नेम धरायला शिकेल का? जॅक्सनबद्दल जाहीर चर्चा होती, हा क्वार्टरबॅक राहील का? अनेक संघ घडवणारे बिल पोलियन यांच्यासारखे बुजुर्ग म्हणाले की त्यानं रिसिव्हर व्हावं. ब्रिस्कोला पन्नास वर्षांपूर्वी जे ऐकावं लागलं, तेच शब्द.

जॅक्सननं रिसिव्हर म्हणून चाचणी द्यायला साफ नकार दिला. ४० यार्ड धावण्याची चाचणीसुद्धा त्यानं दिली नाही. ज्याच्या वेगाचं सगळे कौतुक करत होते, त्यानंच आपला वेग मोजू दिला नाही. कारण तो आकडा कोणत्या कामाला वापरला जाईल, हे बाहेरून बघणाऱ्यालाही कळत होतं.

मग खरं काय बदललं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जॅक्सन सुधारला का? सुधारला, आणि चांगला सुधारला. २०१८ मध्ये त्याचे ५८.२ टक्के पास पोचले, २०१९ मध्ये ६६.१ टक्के. त्या वर्षी त्यानं ३६ टचडाउन पास फेकले, लीगमध्ये सर्वाधिक. आणि मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पन्नासपैकी पन्नास मतं मिळवली. पोलियन यांनी आपलं चुकलं हे उघडपणे मान्य केलं, हेही सांगायला हवं.

पण दुसरीकडे संघही बदलला होता. २०१८ चा डाव फ्लॅकोसाठी आखलेला होता, आणि जॅक्सन नोव्हेंबरात अचानक त्यात आला. २०१९ च्या आधी प्रशिक्षक ग्रेग रोमन यांनी आक्रमणाची रचना जॅक्सनभोवती नव्यानं बांधली. बचाव त्याच्या पळण्याला घाबरून पुढे सरकला, की मागे जागा मोकळी होत होती. म्हणजे त्याचं पळणं हे त्याच्या फेकण्याचं वैगुण्य नव्हतं, त्याचा आधार होतं.

यानंतर चाहत्यांच्या परीक्षेचा पेपर दर वर्षी बदलत गेला. जानेवारी २०२० मध्ये टेनेसीनं रेव्हन्सना २८–१२ हरवलं. जॅक्सनला ५९ पास फेकावे लागले, दोन इंटरसेप्शन झाले. लोक म्हणाले, संघ मागे पडला की याला फेकून सामना काढता येत नाही. ११ ऑक्टोबर २०२१ ला इंडियानापोलिसविरुद्ध रेव्हन्स ३–२२ असे मागे होते. जॅक्सननं त्या रात्री ४३ पैकी ३७ पास पोचवले, ४४२ यार्ड, चार टचडाउन, आणि जादा वेळेत ३१–२५ असा सामना काढला. त्याच मोसमात त्याच्याकडून १३ इंटरसेप्शनही झाले. मग दोन वर्षं दुखापतींनी मोसमाचा शेवट खाल्ला. लोक म्हणाले, बघा, खाली आलाच.

२०२३ मध्ये टॉड मंकेन हे नवे आक्रमण-प्रशिक्षक आले, चांगले रिसिव्हर आले. जॅक्सनचे ६७.२ टक्के पास पोचले आणि दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. २०२४ मध्ये तर ४,१७२ यार्ड, ४१ टचडाउन आणि फक्त चार इंटरसेप्शन. चाळीसच्या वर टचडाउन आणि पाचपेक्षा कमी इंटरसेप्शन, असं त्याआधी एनएफएलमध्ये कोणी केलं नव्हतं. मान मात्र त्या वर्षी थोड्या मतांनी जॉश ॲलनला गेला. तोच ॲलन, ज्याचे पहिल्या वर्षी ५२.८ टक्के पास पोचले होते आणि तिसऱ्या वर्षी ६९.२. त्यालाही वर्षं मिळाली, त्यानं सोनं केलं.

चाहत्यांची एक तक्रार अजून उरते, आणि ती खोटी नाही. २०२४ च्या मोसमापर्यंत बाद फेरीत जॅक्सनचे विजय तीन आणि पराभव पाच. जानेवारी २०२५ मध्ये बफेलोला रेव्हन्स २५–२७ हरले, तेव्हा बरोबरी करून देणारा पास मार्क अँड्र्यूजच्या हातातून निसटला. पण त्याच सामन्यात जॅक्सनकडून एक इंटरसेप्शन झालं होतं आणि एकदा चेंडू हातातून सुटला होता. चाहत्यानं हे मोजावंच. ज्या गावात माणसं थंडीत तीन तास बसून सामना बघतात, त्यांना प्रश्न विचारायचा हक्क आहे. २०१९ च्या त्या रविवारीसुद्धा दहापैकी तीन हा आकडा खरा होता.

फक्त आकड्यावरून निकाल लावताना एक गोष्ट विसरली जाते. हुर्यो उडवणाऱ्यांनी फ्लॅकोला मागितलं, पण प्रशिक्षक जॉन हार्बो यांनी जॅक्सनला मैदानातच ठेवलं, आणि काही आठवड्यांत फ्लॅकोला दुसऱ्या संघाकडे द्यायचं ठरवलं. म्हणून मायामीचा दिवस आला. १९६९ मध्ये डेन्व्हरनं उलटा निर्णय घेतला, म्हणून ब्रिस्को कधी साठ टक्क्यांवर पोचला असता का, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्याचा आलेख एका ठिपक्याचा आहे. एका ठिपक्यावरून रेघ ओढता येत नाही.

आपल्याकडेही 'हा कसोटीचा फलंदाज नाही' असं आपण किती पटकन म्हणून टाकतो, ते आठवून बघा. पुढच्या वेळी एखादा खेळाडू 'सुधारला' किंवा 'सुधारलाच नाही' असं तोंडातून निघालं, की सोबत एक प्रश्न विचारा: त्याला किती वर्षं दिली होती, आणि कोणत्या जागेवर?

मार्लिन ब्रिस्को २७ जून २०२२ रोजी गेले. त्यांनी लामार जॅक्सनचं पहिलं मानाचं वर्ष पाहिलं. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, १२ फेब्रुवारी २०२३ ला, सुपर बोलमध्ये पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक सुरुवातीपासून खेळले, पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स. त्यातल्या हर्ट्सचे पहिल्या वर्षी ५२ टक्के पास पोचले होते, आणि त्या मोसमात ६६.५. ब्रिस्कोंना तो सामना बघायला मिळाला नाही.

आज इथंच थांबूया मंडळी. तुमच्या आठवणीत असा कोणी खेळाडू असेल, ज्याला दुसरं वर्ष मिळालंच नाही, तर मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.